रावसाहेबांनी पाहिलेला समुद्र

‘मी ते पाहिलेलं नाही.’

पन्नासच्या दशकात आमच्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारा प्रत्येक जण या एका वाक्याला टरकून असे. साक्षीदार कितीही छातीठोकपणे बोलो, वकील कितीही जुने दाखले काढो, समोर खुर्चीवर बसलेला तो उंच, हडकुळा माणूस पेन्सिल खाली ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचा, ‘मी ते पाहिलेलं नाही.’ मग जी शांतता पसरे ती फार वाईट. तिच्यानंतर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक असे. ‘बघून येऊ.’

बघून येऊ म्हणजे बघून येऊच. विहिरीचा वाद असला तर विहिरीपाशी. बांधाचा असला तर बांधावर, भर चिखलात, धोतराचा काचा मारून. दोन्ही बाजूंचे वकील मागून छत्र्या सांभाळत, मनातल्या मनात शिव्या घालत.

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशाला रावसाहेब म्हणायची रीत. मी नवीनच सनद घेऊन डहाणूला बसलो होतो आणि माझ्या वाट्याला आलेले हे पहिले रावसाहेब. पुढे ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, त्यांच्या गाडीपुढे लाल पट्ट्याचे चोपदार आले. पण माझ्या तोंडून त्यांच्यासाठी दुसरं नाव कधी निघालं नाही.

ते सोलापूरकडचे. डहाणूला बदली होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर तो त्यांना मुळीच आवडला नाही. कोर्टाचा कारभार बघणाऱ्या नाझराला त्यांनी सांगितलं, ‘समुद्राचा आवाज येणार नाही असं घर बघा.’ डहाणूत येऊन असलं घर मागणारा हा पहिलाच अधिकारी. शेवटी मसोलीत एक बैठं घर मिळालं. तिथे ते आणि त्यांची म्हातारी आई. संध्याकाळी गावातली सगळी बडी मंडळी किनाऱ्यावर हवा खायला जात तेव्हा रावसाहेब उलट्या दिशेला, रेल्वेच्या पूर्वेला फिरायला निघत. छत्री अशी पुढे धरलेली की समोरून येणाऱ्याचे फक्त पाय दिसावेत. कोर्टाबाहेर कुणाचा नमस्कार घ्यायला लागू नये म्हणून ती युक्ती होती. आम्ही वकील त्यांना चपला दाखवून पुढे सरकत असू.

एकदा एका बागाईतदाराने घरी चिकूची करंडी पाठवली. रावसाहेब कोर्टात होते. आईने एक चिकू सोलून खाल्ला. संध्याकाळी त्यांना हे कळलं तेव्हा ते तसेच बाजारात गेले, एक चिकू विकत आणला, करंडीत ठेवला आणि शिपायाच्या डोक्यावर देऊन परत पाठवली. शिपाई सांगायचा, ‘आईसाहेब ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, अरे, तो आणलेला कच्चा आहे. तर साहेब म्हणाले, मग त्यांना पिकवू दे.’

हे असं सांगितलं की माणूस मजेशीर वाटतो. पण त्यांच्यासमोर उभं राहताना मजा नसायची. कारण ते चिडत नसत. आवाज चढवत नसत. नुसते बघत. आणि निकाल सांगून झाला की त्यांचा आणखी एक नेम होता. हरलेल्या माणसाला ते पुढे बोलावत आणि विचारत, ‘काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ शिक्षा झालेल्या माणसाला आपल्या तोंडाने आपली शिक्षा सांगावी लागे. चुकला तर रावसाहेब पुन्हा समजावत, पुन्हा विचारत. मोठ्या वकिलांना हे क्रूर वाटायचं. मोठे वकील म्हणजे आमच्या बारमधले सगळ्यात जुने. चिडले की ते गुजरातीत शिरत. माझ्या कानाशी लागून म्हणायचे, ‘आ माणस गांडो छे.’

हा माणूस वेडा आहे असं मलाही वाटे. पण तलासरीच्या एका खटल्यापासून मी ते मोठ्याने म्हणायचं सोडलं.

रानातलं लाकूड चोरल्याचा आरोप असलेली एक वारली बाई. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती आत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. रावसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. बाई बोलायला लागली. हात हलवून, छातीवर मारून, डोळे पुसून, बराच वेळ. ती थांबल्यावर कारकून म्हणाला, ‘नाही म्हणते, रावसाहेब.’

‘एवढं सगळं बोलली ते नुसतं नाही?’

‘मतलब तोच.’

रावसाहेब खुर्चीवरून उठले. सगळं कोर्ट धडपडत उभं राहिलं. ते पायऱ्या उतरून खाली आले आणि शेवटच्या पायरीवर बसले, बाईपासून दोन हातांवर. ‘बाई, सावकाश सांगा. मला थोडं थोडं कळेल.’

निघालं ते असं. ती तुळई तिच्याच झोपडीची होती. पावसात झोपडी पडली, तुळई विकून तांदूळ आणावे म्हणून ती निघाली आणि नाक्यावर धरली गेली. सरकारी वकील हसले. असं सगळेच म्हणतात, रावसाहेब. रावसाहेब म्हणाले, ‘बघून येऊ.’ एसटीने तलासरी, तिथून पायी, उन्हातून, तिच्या पाड्यावर. झोपडी पडलेली होती. कुडाच्या दोन्ही टोकांना तुळई बसायच्या खाचा होत्या. मुद्देमाल म्हणून जप्त केलेली तुळई त्यांनी बैलगाडीतून तिथे आणवली आणि चार माणसांकडून उचलून खाचेत बसवून बघितली. खटकन बसली. बाई हसली नाही, रडली नाही. ती फक्त म्हणाली, ‘मंग आता ती वरच राहू दे.’

‘राहू दे,’ रावसाहेब म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांचा शब्द म्हणजे तालुक्यात दगडावरची रेघ झाली. रावसाहेबांनी स्वतः पाहिलंय म्हटल्यावर कुणी पुढे बोलेना. आम्हीही बोलेनासे झालो. आणि मला वाटतं, त्यांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

मग तो समुद्राचा दावा आला.

वरोरच्या बाजूला मच्छीमारांच्या दोन वाड्या होत्या. मी त्यांना मोठी वाडी आणि धाकटी वाडी म्हणेन. समुद्रात ठरावीक जागी तळाशी लाकडी खुंट ठोकून त्याला डोल जाळी बांधतात. त्या जागेला कव म्हणतात. कव बापाकडून मुलाकडे येते, शेतासारखी. पण शेताला बांध असतो, पाण्याला काय असणार? एका चांगल्या कवीवरून दोन्ही वाड्यांचं जुंपलं होतं. आदल्या हंगामात भर समुद्रात वल्ह्यांनी मारामारी झाली होती, एकाचा पाय मोडला होता. या वर्षी दोन्हीकडे कोयत्यांना धार लावून ठेवली होती हे पोलिसांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या वाडीने दावा लावला: धाकट्या वाडीला त्या जागी खुंट ठोकायला कायमची मनाई करा. त्यांच्यातर्फे मोठे वकील. धाकट्या वाडीतर्फे मी.

माझा अशील म्हणजे धाकट्या वाडीचा तांडेल, होड्यांचा म्होरक्या. बुटका, रुंद, तापट माणूस. कोर्टात त्याचा हात सारखा कमरेकडे जायचा, जिथे एरवी कोयता असे. त्याच्यासोबत त्याचा थोरला मुलगा यायचा. पंचविशीतला, लग्न झालेला, बापाच्या उलट थंड डोक्याचा. बाप उसळला की तो नुसता बापाच्या खांद्यावर हात ठेवायचा.

पुरावा झाला. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगितलं की ही कव आमच्या आज्यापासून आमची. रावसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

मोठे वकील घाईघाईने उठले. ‘रावसाहेब, समुद्रात काय बघणार? पाणीच आहे.’

‘नुसतं पाणीच असेल तर भांडण कशाचं आहे?’

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हाच कळलं की या माणसाला समुद्राची भीती वाटते, आणि म्हणूनच तो जाणार.

दोन्ही वाड्यांनी होड्या देऊ केल्या. रावसाहेबांनी दोन्ही नाकारल्या आणि आगर गावच्या एका म्हाताऱ्याची होडी ठरवली. होडीत रावसाहेब, आम्ही दोघे वकील, बेलीफ, आणि प्रत्येक वाडीचा एकेक माणूस. मोठ्या वाडीचा त्यांचा पुढारी, आमच्याकडून तांडेलाचा मुलगा. तांडेलाला घ्यायला रावसाहेबांनी नकार दिला. ‘ते तापट आहेत.’ बाकी एकही होडी किनारा सोडणार नाही असा हुकूम होता.

पाऊस संपत आलेला, आभाळ निवळलेलं, पण पाणी अजून गढूळ आणि रागावलेलं. रावसाहेब काळा कोट घालून होडीत चढले. किनारा सुटला आणि पहिल्याच लाटेला त्यांनी डोलकाठीला मिठी मारली. थोड्या वेळाने ते ओकायला लागले. तांडेलाच्या मुलाने त्यांना पाठीमागून कमरेला धरलं. रावसाहेब त्याला म्हणाले, ‘तुम्ही पक्षकार आहात. सोडा.’ मुलगा म्हणाला, ‘सोडला तर पडाल, सायेब,’ आणि त्याने सोडलं नाही.

जागेवर पोचलो. कव ओळखायची खूण किनाऱ्यावरून घेतात. पूर्वेला लांब महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसतो. मोठी वाडी म्हणायची, ‘सुळका आमच्या जोडताडांच्या बरोबर मागे आला की ती आमची कव.’ आमचं म्हणणं असं की वादातली जागा तिथे नाहीच. ती दक्षिणेला आहे, जिथून सुळका ताडांवर नाही तर आमच्या वाडीच्या देवळाच्या कळसावर दिसतो. तेव्हा त्या जागी उभं राहून सुळका कशावर येतो एवढंच रावसाहेबांना बघायचं होतं. आदल्या हंगामातल्या एका खुंटाला बांधलेला बोया पाण्यावर डुलत होता. वाद याच खुंटाचा, हे दोन्ही बाजूंना मान्य. आगरकराने नांगर टाकायला हात घातला.

इतक्यात तो म्हणाला, ‘आले.’

किनाऱ्याकडून शिडं येत होती. मोठ्या वाडीची, आणि त्यांना बघून निघालेली आमची. हुकूम कुणी आधी मोडला ते देव जाणे. बघता बघता होड्या आमच्याभोवती गोळा झाल्या. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी शिवी दिली, एक वल्हं उगारलं गेलं. दोन होड्या एकमेकींना घासल्या आणि लाकडाचा असा आवाज झाला की माझे दात शिवशिवले. पुढच्या होडीत आमचा तांडेल उभा होता. हातात कोयता. त्याच्यासमोर मोठ्या वाडीचे चार तरणे गडी. मोठे वकील होडीच्या तळाशी बसून डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते.

रावसाहेब डोलकाठीला धरून उभे राहिले. तोंड पुसलं. बेलीफाला म्हणाले, ‘पुकारा द्या.’

‘रावसाहेब?’

‘कोर्ट बसलंय. पुकारा द्या.’

बेलीफ बिचारा कापत होता, पण त्या आरोळीची सवय त्याच्या गळ्याला होती. त्याने तोंडाला हात लावून दाव्याचा नंबर पुकारला, वादीचं नाव, प्रतिवादीचं नाव, ‘हाजिर है?’ समुद्रावर ती आरोळी इतकी विचित्र वाटली की सगळे क्षणभर गप्प झाले. आणि सवयीने, अगदी सवयीने, मागच्या होडीतल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

‘हाजिर,’ कुणीतरी म्हणालं.

‘दाव्याचा निकाल लागेपर्यंत,’ रावसाहेब बोलू लागले, ‘दोघांपैकी कुणीही इथे जाळं टाकायचं नाही. टाकेल तो तुरुंगात जाईल. आता प्रत्येक होडीने मला सांगायचं, काय समजलं.’

होड्या हेलकावत होत्या. आमच्या तांडेलाच्या हातातला कोयता खाली आला नव्हता.

आगरकर पुटपुटला, ‘सायेब, भरती लागली. वारा पन फिरला. नांगर नाय टाकला अजून.’

‘मला पोहता येत नाही,’ रावसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘होडी उलटली तर मी बुडेन. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.’

मी तांडेलाकडे बघत होतो. तो रावसाहेबांकडे बघत नव्हता. तो त्यांना कमरेला धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघत होता. मुलाने एक हात सोडला आणि तो हवेत हळूच खाली दाबला, जणू बापाचा खांदा तिथे होता. कोयता होडीच्या तळाशी पडल्याचा आवाज झाला.

‘जाळं नाय टाकायचं,’ तांडेल घोगऱ्या आवाजात म्हणाला. ‘सायेब सांगंपरत.’

मग एकेक होडी बोलली. शेवटची होडी बोलून वळली. बोया कुठे गेला ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. रावसाहेबांनी मान वर केली आणि किनाऱ्याकडे नजर लावली.

‘सुळका ताडांच्या मागे आहे,’ ते म्हणाले. ‘बेलीफ, लिहून घ्या.’

तांडेलाचा मुलगा म्हणाला, ‘सायेब, होडी सरकलीय. मघाचपासून...’

‘विचारल्याशिवाय बोलू नका. तुम्ही पक्षकार आहात.’

परत येईपर्यंत मुलाने रावसाहेबांना धरून ठेवलं होतं.

युक्तिवादात मी हा मुद्दा घेतला. नांगर टाकलेला नव्हता, भरती लागली होती, त्या गोंधळात होडी उत्तरेला सरकली, खूण घेतली ती दुसऱ्याच जागेवरून. जेवढं ठासून सांगता येतं तेवढं सांगितलं. रावसाहेबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ‘वकीलसाहेब, मी स्वतः पाहिलंय.’

निकाल आमच्या विरुद्ध गेला. कायमची मनाई. नेहमीप्रमाणे तांडेलाला पुढे बोलावून विचारलं, काय समजलं.

‘समजलं,’ तांडेल म्हणाला. ‘पटलं नाय.’

‘पटलं नसेल तर ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अपील आहे. वकील सांगतील.’

अपील आम्ही केलं. पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत मनाई उठवायला ठाण्याने नकार दिला. धाकटी वाडी हुकूम मोडायला तयार होती. मुलाने मोडू दिला नाही. म्हणाला, हुकूम आहे तोवर आपण बाहेर जाऊ. बाहेर म्हणजे खोल पाण्यात, जिथे त्यांच्या वाडीतलं कुणी डोल लावत नसे. एक हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात वादळ नव्हे, नुसताच अवेळी वारा उठला. आतल्या कवींवरच्या होड्या सगळ्या परत आल्या. बाहेर गेलेली एक आली नाही. तिच्यावरचे बाकीचे दोघे फळीला धरून सापडले. मुलगा सापडला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ठाण्याचा निकाल आला. आम्ही जिंकलो होतो. निकालपत्रात लिहिलं होतं की पाहणीच्या वेळी होडी स्थिर नव्हती, सबब त्या पाहणीवर विसंबता येत नाही. ते सांगायला मी वाडीवर गेलो तेव्हा तांडेल जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही. ‘बरं,’ म्हणाला.

रावसाहेबांची तोवर बदली झाली होती. मग जिल्हा न्यायाधीश, मग कायदा खातं, आणि साठच्या दशकात, आमच्या कोर्टातून गेलेल्या कुणाच्या कल्पनेतही नव्हतं इतक्या झटपट, हायकोर्ट. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा मोठे वकील म्हणाले, ‘गांडो हतो, पण मोटो माणस.’

आणि मग एकदा ते आमच्या कोर्टाच्या तपासणीला आले. बारने सत्कार ठरवला होता. हार, पेढे, माईक, सगळं. दुपारी तपासणी संपवून ते अंगणात आले आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे वळले. केस पांढरे झाले होते. बघणं तेच.

‘अपिलाचा निकाल मी वाचला होता,’ ते म्हणाले. ‘होडी सरकली होती.’

‘हो, रावसाहेब.’

‘तांडेल आहेत?’

‘आहेत.’

‘आणि तो मुलगा? मला धरून उभा होता तो?’

मी सांगितलं. अंगणात माणसं उभी होती, कुणी तरी माईक तपासत होतं, आणि मी शक्य तितक्या थोड्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मधे काही विचारलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी गाडी मागवली आणि मला आत बसायची खूण केली.

वाडीवर गाडी पोचली तेव्हा बोंबील वाळत होते. लाल पट्ट्याचा चोपदार बघून बाया घरात पळाल्या. तांडेल ओट्यावर होता. त्याची बायको पाटीतले मासे निवडत होती, ती उठली नाही. मी ओळख सांगायला लागलो, पण गरज नव्हती.

‘तुमच्या दाव्यातला माझा निकाल चुकला,’ रावसाहेब म्हणाले. ‘तुमचा मुलगा मला सांगत होता. मी त्याला बोलू दिलं नाही.’

बायको म्हणाली, मासे निवडता निवडता, ‘पोरगा वाऱ्यानं गेला, सायेब. निकालानं नाय.’

मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरा कुणी असता तर हात जोडून निघाला असता. रावसाहेब हलले नाहीत.

‘तो वारा सुटला तेव्हा तुमचा मुलगा तिथे का होता?’

बायकोचा हात थांबला.

‘रावसाहेब, चला,’ मी म्हणालो.

‘मी तांडेलांना विचारतोय. तो तिथे का होता?’

‘का होता?’ तांडेल ओट्यावरून उठला, आणि त्याचा आवाज असा फुटला की वाडीतली कुत्री उठली. ‘का होता? तू सांगितला म्हणून होता! कोयता माझ्या हातात होता, त्यानं टाकाय लावला! हुकूम मोडू म्हटला, त्यानं मोडू नाय दिला! सायेबाचा हुकूम हाय म्हणाला! तुला धरून उभा होता माझा पोरगा, तुला! तुला सोडला असता तर तू गेला असता, तो ऱ्हायला असता!’

चोपदार पुढे धावला. रावसाहेबांनी हात आडवा केला आणि त्याला मागे सारलं. तांडेल त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून ओरडत होता, थुंकी त्यांच्या कोटावर उडत होती. मला वाटलं, आता हा मारणार. त्याने मूठ उचललीही होती. रावसाहेब मागे सरले नाहीत, डोळे मिटले नाहीत. तांडेल बोलत राहिला. मुलाचं लहानपण, त्याचं लग्न, त्याची बायको माहेरी गेली ते, सगळं. शेवटी त्याचा श्वास संपला. तो वाळूत बसला आणि हाताने आम्हाला जायची खूण केली.

सत्काराच्या ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा निम्मी माणसं निघून गेली होती. रावसाहेबांनी हार घेतला नाही. माईकसमोर उभं राहून ते म्हणाले, ‘या कोर्टात मी एक निकाल चुकीचा दिला. त्यात एक माणूस गेला. आज आणखी काही बोलण्यासारखं माझ्याकडे नाही.’ टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच कळेना. पेढे तसेच राहिले.

त्यानंतर आठवडाभरात तांडेल माझ्या ओटीवर येऊन बसला. मला वाटलं, त्याला पश्चात्ताप झाला असेल, हायकोर्टाच्या माणसाला अरेतुरे केलं म्हणून घाबरला असेल.

‘तो सायेब परत कधी येनार?’ त्याने विचारलं.

‘का?’

‘माझं बोलून व्हयाचं हाय अजून.’

मुंबईला कामासाठी गेलो होतो तेव्हा त्यांच्या चेंबरमध्ये जाऊन हा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. रावसाहेबांनी समोरची कागदपत्रं बाजूला केली. म्हणाले, ‘मे महिन्यात सुटी आहे.’

मे महिन्यात ते आले. गाडी नाही, चोपदार नाही. रेल्वेने, एकटे, हातात एक पिशवी. मी त्यांना वाडीपर्यंत सोडलं आणि तांडेलाचं तोंड बघून तिथूनच परत फिरलो. संध्याकाळी ते कसे परत गेले मला माहीत नाही. पण पुढच्या मे महिन्यातही ते आले, आणि त्याच्या पुढच्याही. मला ते कळवत नसत. स्टेशनवरचा टांगेवाला सांगे, तुमचे रावसाहेब वाडीवर गेले.

एकदा एका कामासाठी मी वाडीवर गेलो होतो. तांडेल समुद्रावर होता. त्याची बायको ओट्यावर बसली होती. मी सहज विचारलं, साहेब येतात तेव्हा दोघं करतात काय?

‘भांडतात,’ ती म्हणाली.

‘कशावरून?’

‘काय ठाव. कधी वाऱ्यावरून, कधी खुंटावरून. हा ओरडतो, तो ऐकतो. आता आता तो पन ओरडाय लागला.’ तिने पाटीतला एक मासा उलटून बघितला आणि टाकून दिला. ‘औंदा सायेब आजारी होता, आला नाय. तर ह्यानं अख्खा मे महिना कोणाशी तोंड पन वाजवलं नाय. मला भीतीच वाटली.’